आधी गाव सोडा

कोल्हापुरात एखाद्या गोष्टीवर लोकांचं प्रेम बसावं असं वाटत असेल, तर तिनं आधी गाव सोडलं पाहिजे. जोवर ती इथं आहे तोवर ती 'आपलीच' असते, आणि आपल्याच वस्तूकडे काय बघत बसायचं? पण ती गेली, जळाली, विकली गेली किंवा परदेशात कुणी तिची नक्कल केली, की तासाभरात कृती समिती उभी राहते. दसरा चौकात सभा, बिंदू चौकात निदर्शनं, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा. आठवडाभरात रिक्षांच्या मागच्या काचेवर त्या गोष्टीचा फोटो झळकतो आणि खाली 'नाद करायचा नाय'.

2025 साल या हिशेबानं बंपर पिकाचं गेलं. जूनमध्ये चप्पल गेली, जुलैत हत्तीण गेली. दोन महिन्यांत दोन अस्मिता! एवढा कामाचा ताण तर शहरातल्या टोलविरोधी आंदोलनातही पडला नव्हता.

आधी चप्पल. मिलानच्या रॅम्पवर प्राडा या फॅशन कंपनीच्या पोरांनी पायात काय घातलंय, ते साऱ्या गावानं मोबाईलवर बोटं ताणून ताणून बघितलं. तो अंगठा, तो पट्टा, सगळं ओळखीचं. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या आणि मग संतापाला किंमत राहिली नाही. मी निषेधाचे फोटो बारकाईनं बघितले. पुढच्या रांगेत उभ्या असलेल्यांच्या पायांत स्पोर्ट शूज होते. एकाच्या पायात क्रॉक्स. 'पाऊस होता,' असं त्यानं नंतर सांगितलं, आणि ते खरंही आहे. कोल्हापुरी पावसात घालत नाहीत. उन्हाळ्यात घातली तर चावते आणि लग्नात घातली तर चोरीला जाते. उरले ते दिवस अभिमानाचे. चप्पल लाईनला जाऊन सातशेची चप्पल साडेचारशेला मागणारा आणि 'एवढ्यात शिवणाऱ्याला काय उरतं' असा प्रश्न स्वतःला कधीही न विचारणारा माणूसच त्या आठवड्यात कारागिरांच्या पोटापाण्यावर सगळ्यात कळवळून बोलत होता. 2019 मध्ये या चपलेला जीआय मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले. म्हणजे निम्मी कोल्हापुरी कागदोपत्री कानडी आहे. ही माहिती निषेधाच्या सभेत सांगायची नसते. सीमाप्रश्न आधीच एक आहे, तेवढा पुरे.

मग हत्तीण. नांदणीच्या जैन मठातली महादेवी, लाडाचं नाव माधुरी. सर्वोच्च न्यायालयानं 28 जुलैला निकाल दिला आणि ती जामनगरच्या 'वनतारा' या प्राणी केंद्रात गेली. निरोपाला गावच्या गाव रस्त्यावर उतरलं. माणसं रडत होती आणि ते रडणं खोटं नव्हतं. तीस-तीस वर्षं दारावरून जाणारं जनावर गेलं तर घरातलं कुणी गेल्यासारखं वाटणारच. तिथं मी टिंगल करणार नाही.

टिंगल पुढे सुरू होते. नांदणी शिरोळ तालुक्यात. शहरातल्या ज्या माणसाला नांदणीला जायला कोणती एसटी लागते हे ठाऊक नव्हतं, तोही सकाळी 'माझी माधुरी' म्हणून स्टेटस ठेवू लागला. वनतारा चालवणाऱ्या उद्योगघराण्याचीच मोबाईल कंपनी, म्हणून सिमकार्ड बदलून उद्योगपतीला धडा शिकवायची टूम निघाली. आमच्या गल्लीतल्या एकानं कार्ड बदललं, आणि नव्या कार्डाला रेंज येईना म्हणून दोन दिवस जिन्यात उभा राहून हत्तिणीसाठी भांडत होता. पदयात्रा नांदणीहून कोल्हापुरात आली, म्हणजे साठमारीच्या गावात. बाहेरच्यांना सांगतो, साठमारी ही आमच्या शहरातली एक वस्ती आहे; रिक्षावाला बरोबर सोडतो. संस्थानच्या काळात तिथं हत्तीला डिवचून चिडवायचं, तो अंगावर आला की बुरुजाआड पळायचं, असा खेळ चाले आणि अख्खं गाव तो बघायला लोटे. याच संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत आणि ते सांभाळायला चित्तेवान असत. 2022 मध्ये कुनोला आफ्रिकेतून चित्ते आले तेव्हा देशभर आनंद झाला आणि कोल्हापुरात 'त्यात काय, आमच्याकडं दोरीला बांधलेले असायचे' एवढंच ऐकू आलं. तेव्हा हत्ती म्हणजे काय आणि चित्ता म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवू नये.

गंमत त्या पुढच्या आठवड्यात झाली. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या मोकाट कुत्र्यांबाबत आदेश दिला: उचला आणि निवाऱ्यात ठेवा. (तो पुढे अकरा दिवसांत सौम्यही झाला.) ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस 'मुक्या जिवाला न्याय द्या' चाललं होतं, त्याच ग्रुपवर आता 'कोल्हापुरातली पण न्या की' सुरू झालं. हत्तीण आणा, कुत्री न्या. एकाच अंगठ्यानं, एकाच दुपारी. कारण उघड आहे. हत्तिणीला झूल असते, कुत्र्याला खरूज. ज्या जनावराची मिरवणूक काढता येत नाही त्याच्याविषयी भूतदया बाळगायची आम्हाला सवय नाही.

मात्र कुत्रं विकत घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ताराबाई पार्कात किंवा नागाळा पार्कात सकाळी चक्कर मारा. उसाच्या पैशावर वाढलेला एक हस्की, अंगावर सैबेरियाची लोकर आणि वर एप्रिलचं ऊन, जीभ गुडघ्यापर्यंत काढून चाललेला दिसेल. दोरीच्या दुसऱ्या टोकाला वहिनी.

"ब्रूनो, नो! ब्रूनो, सिट! गुड बॉय!"

आणि लगेच समोरून आलेल्या शेजारणीला, "अगं मी आत्ताच आलो बघ फिरून. काल रातभर झोपलोच न्हाई, ह्याचं पोट बिघडलं हुतं."

कोल्हापूरच्या बायका स्वतःविषयी बोलताना 'आलो-गेलो' म्हणतात, हे व्याकरण पुण्यात कितीही खटकलं तरी आम्ही बदललेलं नाही. पण ब्रूनोसमोर ते चालत नाही. ब्रूनोला मराठी येत नाही, हे घरात कौतुकानं सांगितलं जातं. या घराचे कर्ते पुरुष दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून डांबराचा डबा घेऊन फिरलेले आहेत. त्यांच्याच घरात रविवारी तीन पातेली चढतात: तांबडा, पांढरा आणि बिनमिठाचा. तिसरं ब्रूनोचं. जगाला तिखट खायला लावणाऱ्या गावातला हा एकमेव प्राणी अळणी खातो, आणि त्याच्या दातांकडे बघून डॉक्टर जे बिल करतात ते पाहिलं तर माणसाला तिखटच बरं वाटावं.

करमणुकीचंही असंच. केशवराव भोसले नाट्यगृह 1915 साली शाहू महाराजांनी 'पॅलेस थिएटर' म्हणून उभं केलं, शेजारी 1912चं खासबाग मैदान. नाटक आणि कुस्ती भिंतीला भिंत लावून. अशी जोडी दुसऱ्या गावात दाखवा. दाखवता येणार नाही, आणि म्हणूनच आम्ही आत जात नव्हतो. बऱ्याच जणांचा नाट्यगृहाशी संबंध शेजारच्या खाऊ गल्लीतल्या भेळेपुरता होता. पुण्या-मुंबईची नाटक कंपनी आली की पहिला फोन 'पास हाय का?' आणि दुसरा 'पुढच्या रांगेतला हाय का?' 8 ऑगस्ट 2024च्या रात्री, नट-गायक केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. त्या रात्री सारं गाव रस्त्यावर होतं. म्हातारे कलाकार भिंतीला हात लावून रडले, ते त्यांच्या हक्काचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र जो तो आपली आठवण घेऊन आला. एवढ्या आठवणी निघाल्या की वाटलं, एवढी माणसं आत बसली असती तर त्या नाट्यगृहाला 'हाऊसफुल्ल'ची पाटी काढून ठेवायला सवडच मिळाली नसती.

सिनेमाची कथा तर आणखी जुनी. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला. 1929 मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल मंडळींनी इथंच 'प्रभात' काढली, 1932चा 'अयोध्येचा राजा', म्हणजे पहिला मराठी बोलपट, इथंच झाला. आणि दुसऱ्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. आजही कोल्हापूरकर पुण्यात प्रभातच्या जागेवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकासमोरून जाताना बरोबरच्याला सांगतो, 'हे आमचं.' वॉचमन आत सोडत नाही ही गोष्ट निराळी. गावात मागे काय उरलं? खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उरला, त्याला वळसा घालून दुचाक्या जातात. व्हीनस टॉकीज गेलं, व्हीनस कॉर्नर राहिला. जयप्रभा स्टुडिओ विकला गेल्याचं 2022 मध्ये बाहेर आलं आणि उपोषणाचा मांडव पडला. स्टुडिओत कित्येक वर्षांत जेवढी गर्दी झाली नसेल तेवढी त्या मांडवात झाली. अर्थात उपोषणाला तिकीट नसतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कोल्हापुरात एक जीव असा आहे जो कुठंही गेलेला नाही आणि तरीही ज्याच्यावर गाव जिवापाड प्रेम करतं. म्हैस. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी रांगेत उभ्या, शेपटीनं एकमेकींच्या तोंडावरच्या माश्या उडवत. गवळी उकिडवा बसतो, कासेवर पाण्याचा हबका मारतो, बादली गुडघ्यांत धरतो, आणि पहिल्या दोन-चार धारांचा पत्र्यावर आवाज होतो, मग फेसात तो विरतो. ग्लास थेट बादलीतून भरून हातात. वर चार बोटं फेस, दूध अंगाच्या उबेचं. पिणारा पैलवान असो की बँकेतला कारकून, मिशीला फेस लागलेला असतानाच दुसरा ग्लास मागतो. चेन्नईची फिल्टर कॉफी असेल, अमृतसरची लस्सी असेल. पण ज्या जनावराचं दूध त्याच्या डोळ्यांत बघून प्यायचं, ही हिंमत इथलीच.

आणि दिवाळीच्या पाडव्याला हीच म्हैस रस्त्यावर येते. शिंगांना रंग, त्यावर रिबिनी आणि मोरपिसं, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पाठीवरचे केस कातरून मालकाचं नाव नाहीतर पेठेचं नाव कोरलेलं. पुढे मालक बुलेटवर, सायलेन्सर काढलेला. तो रेस देतो आणि मागून पाचशे किलोची बाई शेपूट वर करून सुसाट पळते. दोन्ही बाजूंना पोरं शिट्ट्या मारतात. मुंबईकर पाहुणा हे बघून गप्प होतो. त्याला वाटतं हा अपघात आहे. त्याला सांगावं लागतं की हा सण आहे.

म्हशीचं भाग्य असं का, हे मी बराच विचार करून शोधलं. तिचं दूध लागतं. अस्मितेला रोज सकाळ-संध्याकाळ धार निघत असेल तर ती टिकते. नुसता इतिहास असेल तर तिला जळावं लागतं.

अभिमानाची हद्द मात्र वाढत चालली आहे, शहराची वाढत नाही. 1972 साली महानगरपालिका झाली आणि पुढची पन्नास वर्षं हद्द इंचभरही सरकली नाही. आजूबाजूच्या गावांत कुणालाही विचारा, 'कुठलं?' तर छाती काढून 'कोल्हापूर.' मग महापालिकेत या म्हटलं की तीच छाती आत जाते. कोल्हापूर हवं, घरफाळा नको. त्यामुळे एक हद्दवाढ कृती समिती आहे, एक हद्दवाढविरोधी कृती समिती आहे, आणि मिसळ खायला दोन्ही एकाच ठिकाणी जातात. कट दोघांनाही जादा लागतो.

सगळ्यात कट्टर कोल्हापूरकर बघायचा असेल तर तो हिंजवडीत सापडतो. गाडीला एमएच 09, काचेवर अंबाबाई, डिकीत दोन किलो कांदा-लसूण चटणी. ऑफिसात डब्याच्या वेळी पुण्याच्या मिसळीवर तो जे व्याख्यान देतो ते ऐकून तीन सहकाऱ्यांनी मिसळ सोडली आहे. फुटबॉल शाहू स्टेडियमवरचाच, पाणी पंचगंगेचंच, माणूस पेठेतलाच, असं तो सांगतो. काविळीच्या साथीत त्यानंच बाटलीबंद पाण्यावर दिवस काढले होते, हे त्याच्या आईला आठवतं, त्याला नाही. शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी दुपारपर्यंत झोपतो, रविवारी 'इथं ट्राफिक लई वाढलं' म्हणून लवकर परत निघतो.

हे सगळं लक्षात घेऊन मी एक योजना तयार केली आहे. जे वाचवायचं ते गावाबाहेर पाठवायचं. रंकाळा तीन वर्षांसाठी नाशिकला द्यावा. परत येईल तेव्हा त्यात निर्माल्य टाकायची कुणाची छाती होणार नाही. पंचगंगा साताऱ्याला. खासबाग सांगलीला, म्हणजे निदान दंगल तरी होईल. राहता राहिली म्हैस. तिला कशाचीच कमी नाही, पण योजनेत अपवाद नको म्हणून तिलाही कुठंतरी पाठवावं, असं मी कट्ट्यावरच्या एका गवळ्याला सुचवलं.

त्यानं धार काढता काढता मान वर केली. "पाठवा की साहेब, कुटं बी पाठवा. पर तितं सायलेन्सर काडल्याली बुलेट चालवू देत्यात का, तेवडं इचारून या. त्याबिगर ती पळायची न्हाई."