धरणे महाग, डीजे स्वस्त

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विरोधाला भाव आहे, आणि तो छापील आहे. २०२३च्या अखेरीस मुख्य प्रॉक्टर कार्यालयाची नवी नियमावली आली. कृत्य ‘देशविरोधी’ ठरले, तर दंड १० हजार रुपये. शैक्षणिक इमारतीपासून १०० मीटरच्या आत धरणे धरले, तर २० हजारांपर्यंत. नाहीतर थेट हकालपट्टी.

विनापरवाना फ्रेशर्स पार्टी किंवा डीजे? अवघे सहा हजार.

तेव्हा शहाण्या विद्यार्थ्याने मागणीपत्र डीजेच्या ठेक्यावरच म्हणावे. १४ हजार वाचतात. ते जमत नसेल, तर मोजपट्टी न्यावी. ९९व्या मीटरला खिशाला चाट, १०१व्या मीटरला राज्यघटनेच्या कलम १९चे अभिव्यक्तिस्वातंत्र्य. तिथून कुलगुरूंना काही ऐकू जात नाही, ही बाब अलाहिदा.