अस्सल बरहुकूम नक्कल

उजनीच्या बॅकवॉटरला ज्याचं घर आहे, त्याच्या घरात एक पिशवी असतेच. कुठल्या तरी कापडदुकानाची, सुतळीनं बांधलेली, धान्याच्या कोठीमागे खुपसलेली. तिच्यात संपादनाच्या नोटिशीची झेरॉक्स, निवाड्याची झेरॉक्स, धरणग्रस्त दाखल्याची झेरॉक्स आणि या सगळ्या झेरॉक्सांची एकेक झेरॉक्स असते. मूळ कागद कुठंय म्हणून विचारलं, तर घरातलं म्हातारं माणूस धरणाकडे हात करतं. कागद धरणात नसतो, कचेरीत असतो. पण दोन्हीकडून तो वर यायची शक्यता सारखीच. उलट धरण उन्हाळ्यात आटतं तरी.

या पिशवीतूनच आमचे नक्कलनाना जन्माला आले. असा एक नाना काठावरच्या बहुतेक गावांत सापडतो. कंदरला सापडेल, केत्तूरला सापडेल, कुगावला तर नक्कीच सापडेल. कुठे त्याला ‘शिडीवाले आण्णा’ म्हणतात, कुठे नुसतं ‘कापीवाले’. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा. हयात गेली तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, लोकांना सात-बाराच्या आणि फेरफाराच्या नकला काढून देण्यात. निवृत्त झाल्यावर माणसं शेती करतात, नाहीतर सरपंचाच्या विरोधात अर्ज करतात. नाना गाण्यांच्या सीडींच्या नकला करतात. अर्जही करतात, पण ते वेगळं.

भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. नदीकाठची गावं उठली आणि वर माळावर बसली. एकेका गावाचे तुकडे झाले, त्यांना नंबर पडले. करमाळा तालुक्यात केत्तूर नंबर एक आणि केत्तूर नंबर दोन आहे, वांगीची तर एक, दोन, तीन अशी चढती भाजणी आहे. त्याच 1980 साली तिकडे फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी बसून गाण्याच्या सीडीचे नियम ठरवले. एका तबकडीवर जास्तीत जास्त 99 ट्रॅक, प्रत्येकाला स्वतःचा नंबर, सुरुवात कुठे, शेवट कुठे, सगळं आतल्या कडेला नोंदवलेलं. हा योगायोग आहे, हे मला कळतं. नानांना तो मान्य नाही. त्यांच्या मते ज्या वर्षी सगळ्या गावांना नंबर पडले, त्या वर्षी गाणी तरी कशी सुटतील?

नानांची खोली म्हणजे पूर्वीची गुरांची पडवी. तिथे बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला संगणक, त्यावर जुन्या नऊवारीचं झाकण, शेजारी ट्रॅक्टरची बॅटरी जोडलेला इन्व्हर्टर. ही बॅटरी शोभेची नव्हे. भारनियमनाच्या दिवसांत नानांनी कितीतरी सीड्या गमावल्या. नववा अभंग चढत असताना लाइट जायची आणि कोरी तबकडी जन्माची वाया जायची. एकदा लिहिलेलं पुसता येत नाही, अर्धं लिहिलेलं पुढे नेता येत नाही. तेव्हापासून मोटारीला आठ तास थ्री-फेज मिळो न मिळो, सीडी-रायटरला चोवीस तास मिळते. नानींचा मिक्सर मात्र लाइनवरच चालतो. त्यावर नानींचं मत आहे, ते इथे छापण्यासारखं नाही.

नक्कल करण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. नाना आधी हात धुतात. मग मूळ सीडी कडांना धरून उजेडाकडे तिरकी करतात आणि सात-बारा वाचावा तशी वाचतात. पुसायची ती मऊ धोतराच्या तुकड्यानं, मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसलेलं त्यांना खपत नाही. यात तथ्य आहे. सीडीवरची रेघ आतून बाहेर गोल फिरत जाते. आडवा ओरखडा तिला एका जागी छेदून जातो आणि यंत्र तेवढं सांभाळून घेतं, गोल ओरखडा मात्र तिच्याच अंगानं लांबवर चालतो. त्याहून नाजूक बाजू म्हणजे वरची, छापील नावाची. लोक चकचकीत बाजू जपतात आणि नावाच्या बाजूवर बॉलपेननं मुलाची जन्मतारीख लिहितात. तिथे आतला थर अगदी वरच असतो. असं कुणी केलेलं दिसलं, की नाना टोपी काढून डोकं खाजवतात. यापलीकडे ते कधी रागावत नाहीत.

सगळ्यात मोठा गोंधळ कॉलेजात जाणारी पोरं करतात. सीडी घातली, आत ओळीनं ट्रॅक दिसले, ‘ट्रॅक झिरो वन’, ‘ट्रॅक झिरो टू’, सगळे उचलले, कॉपी, पेस्ट. अख्खी सीडी दोन सेकंदांत उतरली! पोरगं खुशीत नानांकडे येतं.

“नाना, तुम्ही पाऊण तास लावता. हे बघा, झालं बी.”

नाना फाईलवर बोट ठेवतात. “किती बाइट हाय?”

“चव्वेचाळीस.”

“आन् दुसरी?”

“चव्वेचाळीसच.”

“सात मिनटाचा अभंग बी चव्वेचाळीस आन् पाच मिनटाची गवळण बी चव्वेचाळीस? आरं लेका, ही गाणी न्हाईत, ह्या पाट्या हाईत. गावाच्या येशीवरची पाटी उपटून आणली म्हंजी गाव आलं व्हय?”

बाहेर कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हे ऐकलं. मान वर न करता तो म्हणाला, “आपलं गाव तसंच तर आलंय की.”

पडवीत कुणी काही बोललं नाही. नानांनी तबकडी आत ढकलली.

खरं काम म्हणजे प्रत्येक ट्रॅक वेगळा वाचून, आवाज दाबून लहान न करता, जसा आहे तसा संगणकात उतरवणे. नाना ते असं काही करतात की समोरच्याला आपण महसूल खात्यात आलो असं वाटावं. ट्रॅकांच्या यादीला ते ‘उतारा’ म्हणतात. प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो, याची मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे पंचाहत्तरावे भाग त्यांनी वहीत मांडलेले असतात, कारण सीडीचा हिशेब तसाच असतो. एकराचे चाळीस गुंठे, सेकंदाचे पंचाहत्तर तुकडे. मोजणी ती मोजणीच, असं त्यांचं म्हणणं. एखादा तुकडा वाचताच येत नसेल, यंत्र पुन्हापुन्हा घरघरत असेल, तर नाना शेरा मारतात: ‘पोटखराबा’. नक्कल पुरी झाली की ती पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहतात. मग मार्करनं, वळणदार अक्षरात, वरच्या बाजूला मधल्या रिंगणाजवळ लिहितात: ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. खाली सही आणि तारीख. शिक्का मारायचीही इच्छा असते, पण सीडीवर शाई धरत नाही.

पैसे घेत नाहीत. आणि मूळ सीडी आणल्याशिवाय नक्कल देत नाहीत. या बाबतीत ते फार कडक. मास्तरांच्या पोरानं एकदा विचारलं, “नाना, ही चोरी न्हाय का?” नानांनी लगेच 1957 चा कॉपीराइट कायदा काढला, कलम 52 दाखवलं. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी योग्य मर्यादेत केलेला उपयोग. “मर्यादेत,” हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मूळ ज्याचं, नक्कल त्याची. दुसऱ्याला वाटायची नाही, विकायची तर नाहीच. स्टँडवर पूर्वी एकाच तबकडीत दीडशे गाणी कोंबून विकायचे, त्या धंद्याला नाना ‘गुंठेवारी’ म्हणत. नातू म्हणतो, आता सगळं फोनवर आहे. नाना म्हणतात, “फोनवर हाय ते तुझं न्हाय. त्याचा उतारा दाखव.” नातवाकडे उतारा नसतो.

नाना एका सीडीच्या तीन नकला करतात. एक घरी, एक बार्शीला लेकीकडे, एक सुनेच्या माहेरी. यामागचं तत्त्व शुद्ध धरणग्रस्ताचं आहे: दोन नकला एका पाणलोटात ठेवायच्या नाहीत. उजनी भरली की 117 टीएमसी होते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, 63 टीएमसी, मृतसाठा असतो. हात लावायचा नाही असा साठा. तरी दर दोन-चार वर्षांनी ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते, त्या साठ्यालाही हात लागतो, आणि बुडालेल्या गावांची जोती चिखलातून वर दिसायला लागतात. लोक गाड्या करून बघायला जातात. पलीकडे पळसदेवचं हेमाडपंती देऊळ उघडं पडलं की फोटोंचा पाऊस पडतो. नाना जात नाहीत. “मूळ वर आलं म्हणून काय करणार? राहायला देणार हाईत का?” एवढं बोलून ते वहीत डोकं घालतात.

बार्शीच्या नकलांचं पुढे काय झालं, ते मात्र त्यांच्या कानावर उशिरा आलं. लेकीकडे सीडी वाजवायचं यंत्रच नव्हतं. सासऱ्यांच्या सीड्या दर सणाला येत होत्या, जावई भिडेखातर घेत होते. मग द्राक्षं भरायला लागली, पाखरं तुटून पडायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाला नाना लेकीकडे गेले. बागेच्या कडेनं तारेला दोऱ्यानं बांधलेल्या तबकड्या वाऱ्यावर गरागरा फिरत होत्या, लखलखत होत्या. भीमसेन जोशींचे अभंग होते, प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं होती, आणि प्रत्येकावर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. जावई मागे उभे, चेहरा उतरलेला. नाना एकेक तबकडी हातात घेऊन बघत बांधाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “हिच्यात रंगाचा थर असतोय. उन्हानं उडतोय तो. निदान सावलीच्या अंगाला तरी टांगायच्या.” थोडं थांबून विचारलं, “पाखरं येतात का?”

“न्हाय, नाना. अजिबात न्हाय.”

“मग ऱ्हाऊ द्या.” त्या रात्री त्यांनी वहीत बार्शीच्या नोंदीपुढे ‘वापरात बदल: बिनशेतीचे शेती’ असं लिहिलं. महसुलात अशी नोंद मी तरी कुठे पाहिली नाही.

पण नानांच्या कारकिर्दीतलं मोठं प्रकरण वेगळंच. गावातल्या भजनी मंडळाची एक सीडी होती, कुठल्याशा कार्यक्रमात जागेवरच रेकॉर्ड झालेल्या भजनाची. तिच्यात सहावा ट्रॅक संपताना गजर चालू होतो आणि सातव्यात तो तसाच अखंड पुढे जातो. नानांनी सुरुवातीच्या काळात तिची नक्कल केली. रायटर एकेक ट्रॅक सुटा लिहिणार, असं ठरवलं की दोन ट्रॅकांच्या मधे 2 सेकंद शांतता आपोआप पडते, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात नव्हतं. मूळ सीडी पुढे मंडळाच्याच ट्रॉलीत चेपली. राहिली ती नक्कल. मंडळातली नवी पोरं तिच्यावरच शिकली. गजर ऐन रंगात आला, टाळ टिपेला पोचले, की सगळे एकदम थांबतात. पखवाज थांबतो, विणेकरी डोळे मिटतो. दोन सेकंद. मग पुन्हा सुरू. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर शेजारच्या दिंडीतले लोक चरकले. काहींना वाटलं कुणाला चक्कर आली. एक जाणकार म्हणाला, ही जुनी परंपरा दिसते, धरणाच्या आधीची.

नानांना हे कळल्यावर झोप लागेना. अखेर अख्खी सीडी एका दमात लिहायची पद्धत त्यांना सापडली. संगणकात ट्रॅक जपून ठेवलेले होतेच. त्यांनी नवी नक्कल केली, मधे फट नाही, गजर अखंड. ती घेऊन स्वतः देवळात गेले आणि लावून दाखवली. मंडळानं शेवटपर्यंत ऐकली. मग विणेकरी म्हणाले, “नाना, वाईट मानू नका. पण ह्यात ती मधली मोकळी जागा कुठं गेली?”

“ती चूक होती, बुवा. मुळात न्हवतीच.”

“आसंल. पण आम्ही तिथं दम खातो.”

पखवाजवाल्यानं मान डोलावली. “आन् मी तिथं घाम पुसतो.”

नानांनी बराच वेळ वाद घातला. मूळ म्हणजे काय, बरहुकूम म्हणजे काय, सगळं सांगितलं. मंडळ ऐकून घेत होतं, पण हलत नव्हतं. शेवटी नाना घरी आले, नव्या सीडीवर ‘दुरुस्त प्रत’ लिहून ती कोठीमागच्या पिशवीत टाकली, वही उघडली, आणि त्या भजनाच्या उताऱ्यात इतर हक्कांच्या रकान्यात लिहिलं: ‘ट्रॅक सहा व सात यांमधील 2 सेकंद. वहिवाट भजनी मंडळाची. हरकत नाही.’ आणि खाली सही केली.