आधीकर

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे. पण आमच्या सोसायटीत वॉचमनसुद्धा त्यांना 'आधीकर' म्हणूनच ओळखतो. चहा घेणार का असं विचारलं, तर हे म्हणतात, "आधी सांगा, गॅसवर दुसरं काही आहे का?"

३१ वर्षं त्यांनी एका सरकारी खात्यात जमिनीखाली केबल टाकल्या. म्हणजे एखादा रस्ता डांबरी झाला, नारळ फुटला, नगरसेवकाचा फोटो छापून आला, की आठवड्याच्या आत हे कुदळी-फावडी घेऊन हजर! त्या पापाचं परिमार्जन म्हणून की काय, निवृत्त झाल्यावर भोर तालुक्यातल्या वडिलोपार्जित सव्वा एकरावर दोन खोल्यांचं घर बांधायला निघाले तेव्हा त्यांनी शपथ घेतली : एकदा बुजवलेलं पुन्हा उकरायचं नाही.

शपथेला ९ वर्षं झाली.

"पाया तरी खणून घ्या," मी एकदा म्हणालो. लग्न ठरायच्या आत कुणी डोहाळजेवणाला कधी येऊ असं विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाया? बोअरला पाणी कुठं लागेल ते माहितीये? घर १० फूट सरकवता येतं, पाणी येतं सरकवता? बोअर ठरला, की त्याच्यापासून निदान ५० फूट लांब, उताराच्या अंगाला, संडासाची टाकी. टाकी ठरली की पाइपाचा ढाळ. ढाळ ठरला की जोत्याची उंची. आणि हे निघाले पाया खणायला!"

बिनतोड. त्यांचं सगळंच बिनतोड असतं, पंचाईत होते ती तिथंच.

बोअरची गाडी एकटी येत नाही. तिच्या मागं कॉम्प्रेसरचा दुसरा ट्रक असतो. दोघांच्या वजनाला रस्ता हवा. वाट चुलतभावाच्या भातखाचरातून, तेव्हा भात निघून खाचर वाळल्यापासून मे संपेपर्यंतच काय ते चाक फिरणार. पहिल्या वर्षी मुरूम टाकला. श्रावणापर्यंत तो चुलतभावाच्या भातात जाऊन बसला आणि चुलतभाऊ ह्यांच्या दारात. "आधी मोरी टाकायला हवी होती," वहीत नोंद झाली. पुढच्या वर्षी मोरीचे पाइप आले. त्याच्या पुढच्या वर्षी, शास्त्रावरचा विश्वास तात्पुरता बाजूला ठेवून, पाणाड्या आला. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला तो नेमका नकाशातल्या देवघरात. नकाशा सरकला. पाणी लागलं, १९० फुटांवर, कातळ फोडून. आम्हाला पेढे मिळाले.

मग आली मोटर. मोटरला वीज हवी. वायरमन जागा बघायला आला आणि म्हणाला, "मीटर काय आंब्याला टांगू? भिंत दाखवा." भिंतीला पाणी हवं, पाण्याला मोटर, मोटरला मीटर, मीटरला भिंत. हे वर्तुळ आधीकरांनी वहीत कंपासनं काढलं आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवलं. शेवटी काकूंनीच ते फोडलं. "टँकर मागवा की एक," त्या मटार सोलता सोलता म्हणाल्या.

टँकरच्या पाण्यावर ४ बाय ६ची एक खोली उभी राहिली. मीटरला भिंत झाली. आणि टाकीची जागा ठरलेलीच होती, म्हणून आत संडासही. फरशी, नळ, दिवा, वर ५०० लिटरची टाकी, सगळं चोख. सव्वा एकरात ही एकच वास्तू. मधल्या काळात गावातल्या तिघांनी आधीकरांची वही नेऊन आपली घरं बांधली. एकाच्या तर अंगणात मुलीचं लग्नही लागलं. ह्यांनी आहेर केला आणि वही परत मागून घेतली.

गेल्या मेमध्ये आम्ही नवरा-बायको त्यांच्याबरोबर घर 'बघायला' गेलो. गवत काढून जमिनीवर फक्कीनं आखणी केली होती. बायको सरळ चालत मध्ये गेली, तर आधीकर ओरडले, "अहो वहिनी, भिंतीतून काय येताय! दार पलीकडं आहे." ती बिचारी सॉरी म्हणून मागं फिरली आणि दारातून, चप्पल काढून, हॉलमध्ये आली. काकूंनी स्वयंपाकघरात डबा उघडला. जेवायला मात्र आंब्याखाली बसलो, कारण हॉलमध्ये ऊन होतं.

थालीपीठ अर्धं झालं नाही तोच तोरण्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि वळीव कोसळला. पळायला एकच जागा होती. चौघंही खांद्याला खांदा लावून त्या ४ बाय ६मध्ये उभे राहिलो. फटीतून दिसत होतं : फक्की विरघळली, आधी हॉल गेला, पाठोपाठ स्वयंपाकघर, पांढरा ओघळ वाकडातिकडा न होता थेट शोषखड्ड्याकडं निघाला.

"ढाळ बघा!" आधीकर भारावून म्हणाले. "आणि मी घर आधी बांधत बसलो असतो, हे राहून गेलं असतं, तर आत्ता कुठं उभे राहिला असता?"

एवढ्यात लाइट गेली. अंधारात त्यांचा हात वही काढायला खिशाकडं जात असावा, कारण माझ्या बरगडीत त्यांचं कोपर रुतलं.

"आधी," काकू म्हणाल्या, "माझ्या पायावरचा पाय काढा."