पाकिटावरचं फूल

कंदाच्या पाकिटावर ऐटीत छापलेलं असतं, ‘ॲमरिलिस’. उगवतं हिप्पीॲस्ट्रम. हे दक्षिण अमेरिकेचं, खरी ॲमरिलिस दक्षिण आफ्रिकेची. नावांचा हा तंटा १९८७ साली बर्लिनच्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत मिटला. निकालाची प्रत बाजारात अजून पोहोचायची आहे. खातरजमा सोपी आहे. फुलाचा दांडा कापा: पोकळ निघाला तर हिप्पीॲस्ट्रम, भरीव निघाला तर ॲमरिलिस. पण ‘लाल’ म्हणून घेतलेलं पांढरं फुललं, की शास्त्र हात टेकतं आणि विक्रेत्याचा सिद्धांत लागू होतो: “पहिल्या वर्षी असंच येतं, साहेब.” दुसऱ्या वर्षी तक्रार घेऊन जावं, तर तिथे नवा माल मांडलेला असतो: पुण्याच्या उन्हाळ्यात फुलणारे ट्यूलिप, हमीसकट! या सगळ्या व्यवहारात खोटं बोलता येत नाही ते एकट्या कंदाला.