मतांची जांभळी प्रवेशिका

ज्यांनी 'सेंट्स रो' हा व्हिडिओ गेम एकदाही खेळलेला नाही, पण ज्यांना त्याबद्दल ठाम मत हवं आहे, अशा होतकरू विद्यार्थ्यांसाठी ही प्रवेशिका आहे. ज्यांनी तो खेळलाय त्यांनी पान उलटलं तरी चालेल. त्यांचं मत कधीच घालून, झाकण लावून बरणीत ठेवलेलं असतं आणि लोणच्यासारखं दरवर्षी जास्तच मुरत जातं. नवशिक्यानं ती बरणी थेट उघडू नये, म्हणून हे धडे क्रमानं वाचावेत.

धडा पहिला : तोंडओळख

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शॅम्पेन नावाचं गाव आहे. तिथल्या 'व्हॉलिशन' या स्टुडिओनं २००६ साली 'सेंट्स रो'चा पहिला भाग आणला. स्टिलवॉटर नावाचं काल्पनिक शहर, त्यात चार टोळ्या. पिवळी, लाल, निळी आणि आपली जांभळी : 'थर्ड स्ट्रीट सेंट्स'. गाडी चोरायची, गल्ल्या ताब्यात घ्यायच्या, मधल्या वेळात शहरभर उंडारायचं.

पाठ करायची नावं तीन. एक, 'बॉस' : म्हणजे आपण स्वतः. त्याचं नाक, पोट, लिंग, चाल सगळं आपण ठरवायचं. दोन, जॉनी गॅट : चष्मा लावणारा, आधी गोळी घालून मग विचारपूस करणारा, चाहत्यांचं दैवत. तीन, स्टिलवॉटर, याचा उच्चार करताना किंचित उसासा सोडावा. पुढच्या भागांत शहर बदललं, हे दुःख त्या उसाशातून कळतं.

साल पाठ करताना घोटाळा होऊ नये म्हणून तक्ता : पहिला २००६, दुसरा २००८, तिसरा २०११, चौथा २०१३, आणि सगळं पुसून नव्यानं मांडलेला २०२२. मध्येच एक नरकात घडणारा छोटा भागही आहे. तो विचारला जात नाही.

धडा दुसरा : घराणं निवडा

गाण्यात असतात तशी इथेही घराणी आहेत. एका घराण्याचा माणूस दुसऱ्याचं नाव घेताना कानाला हात लावतो. मात्र आदरानं नाही.

पहिलं घराणं कर्मठ. 'तेव्हा गेममध्ये गँग होती, सर्कस नव्हती,' हे यांचं ब्रीद. या घराण्यात शिरताना मराठी विद्यार्थ्यानं जरा जपून. पहिला भाग फक्त एक्सबॉक्स ३६० वर आला होता आणि ते यंत्र तेव्हा आपल्याकडे फारशा घरांत नव्हतं. आपल्यातल्या बहुतेकांची अशा खेळांशी पहिली गाठ सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून, 'ग्रँड थेफ्ट ऑटो' म्हणजे जीटीए मालिकेतल्या 'व्हाइस सिटी'शी पडली. तेव्हा 'मी तर पहिल्यापासून खेळतोय' असं म्हटलंत, तर समोरचा हळूच विचारेल, 'कशावर?'

दुसरं घराणं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत हळवं. २००८ च्या भागात मैत्री आहे, सूड आहे, अंत्ययात्रा आहे. कार्लोस नावाच्या पोरगेल्या साथीदाराला गाडीमागे फरपटवलं जातं आणि त्याला वेदनेतून सोडवण्यासाठी बॉसलाच गोळी घालावी लागते. जॉनी गॅटची प्रेयसी आयेशा मारली जाते. तिच्या दफनविधीवर चाल करून आलेल्या शत्रूला गॅट आणि बॉस जिवंत गाडतात. हे प्रसंग सांगताना या घराण्याच्या माणसाचा आवाज कापरा होतो. त्याला मध्ये तोडू नये. पुढे तो मोज्यांवर येईल : दुसऱ्या भागात बॉसला मोजे निवडता यायचे, आतला सदरा वेगळा, बाहेरचं जाकीट वेगळं, नंतरच्या भागांत ही चैन गेली. मोज्यांसाठी इतका गहिवर दुसऱ्या कुठल्या करमणुकीत सापडायचा नाही.

तिसरं घराणं दंगेखोर. २०११ चा भाग बँक लुटण्यापासून सुरू होतो. दरोडेखोरांनी जॉनी गॅटचे अवाढव्य मुखवटे घातलेले आणि त्यांच्यात खुद्द गॅटही सामील. थोड्या वेळानं बॉस विमानातून पडतो, पडतापडता त्याच विमानाच्या काचेतून आत घुसतो आणि मागून बाहेर पडतो. मग स्टीलपोर्ट हे नवं शहर. तिथे एक कुस्तीगीर, भीती घालवायची म्हणून, आपल्याला शेजारच्या सीटवर जिवंत वाघ बसवून गाडी चालवायला लावतो. शिवाय मांजराचा मुखवटा घातलेल्या प्रोफेसर गेन्कीचा टीव्हीवरचा खेळ : माणसं मारा, बक्षीस मिळवा, पांडाला धक्का लागला तर मात्र दंड, कारण ते नीतीला धरून नाही. या घराण्याचं म्हणणं एकच, की डोकं घरी ठेवून या.

चौथं घराणं उंच उड्या मारणारं. २०१३ मध्ये बॉस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो, परग्रहावरचे लोक येऊन त्याला आभासी शहरात कोंडतात आणि तिथे त्याला महाशक्ती मिळतात. शत्रूला संगीताच्या तालावर नाचवत मारणारी बंदूकही मिळते. विरोधकांचा आक्षेप असा : माणूस गाडीपेक्षा जोरात धावायला लागला, तर गाड्या चोरायच्या कशाला? गाडीचोरीच्या खेळाला हा प्रश्न फार झोंबणारा आहे. या घराण्याकडे त्याचं उत्तर नाही. ते फक्त आणखी उंच उडी मारतात.

सामान्य नियम : माणसाचं घराणं हे त्यानं पहिल्यांदा खेळलेल्या भागावरून ठरतं. त्या वेळी तो बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा असतो, परीक्षा जवळ आलेली असते आणि घरचे झोपलेले असतात. पुढे तो जे गेमबद्दल बोलतो, त्यातलं बरंचसं त्या रात्रींबद्दल असतं.

धडा तिसरा : ठेवणीतली वाक्यं

ही वाक्यं कुठेही चालतात. मात्र एका बैठकीत दोनपेक्षा जास्त वापरू नयेत.

'तिसऱ्यापासून गेमनं आपला आत्मा गमावला.' कोणता आत्मा, असं कोणी विचारलं तर खिडकीबाहेर पाहावं.

'दुसरा भाग गंभीर होता.' हे वाक्य लोकप्रिय आहे, पण धोक्याचं आहे. कारण याच गंभीर भागात मैल्याचा टँकर घेऊन वस्तीतल्या घरांवर घाण फवारायचं काम आहे. हेतू असा, की तिथल्या जागांचे भाव पडावेत. याच भागात मुद्दाम गाड्यांपुढे उडी घेऊन विम्याचे पैसे लाटता येतात. जितका उंच उडाल तितका दावा मोठा. भर रस्त्यात कपड्यांविना धावण्याचीही सोय आहे. दुसऱ्या घराण्याच्या आठवणीत दफनविधी ठळक उरला आणि टँकर वाहून गेला. तुम्ही टँकरची आठवण करून दिलीत तर ते रागावतील. पहिल्या भेटीत करून देऊ नये.

'तिसरा भाग म्हणजे नुसता टवाळपणा.' याला उलट तोडगा : त्याच भागात जॉनी गॅटला सुरुवातीलाच मारून टाकलं, तेही पडद्याआड. चाहत्यांना त्याचा मृत्यू धड पाहायलाही मिळाला नाही. चौथ्या भागात त्याला परत आणावं लागलं, यावरून तो घाव किती खोल होता ते कळतं.

'संगणकावरची दुसऱ्या भागाची आवृत्ती खेळलास का?' हे वाक्य नाही, ही परीक्षा आहे. ती आवृत्ती २००९ च्या जानेवारीत आली आणि इतकी ओबडधोबड होती, की अनेकांच्या संगणकावर खेळाचा वेगच चुकायचा. पात्रं घाईत असल्यासारखी पळायची किंवा पेंगत चालायची. शेवटी चाहत्यांनीच दुरुस्त्या केल्या. त्यात पुढाकार घेणारा माणूस पुढे त्याच स्टुडिओत नोकरीला लागला. २०१९ मध्ये हरवलेला मूळ कोड सापडल्याचं आणि अधिकृत दुरुस्ती सुरू केल्याचं स्टुडिओनं जाहीर केलं. २०२१ मध्ये त्या माणसाचं कर्करोगानं निधन झालं. विद्यार्थ्यानं हा परिच्छेद विनोदासाठी वापरू नये.

धडा चौथा : 'हा म्हणजे स्वस्तातला जीटीए ना?'

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. उत्तर दोन टप्प्यांत द्यावं. आधी मान्य करावं : हो, पहिला भाग तिथूनच उचललेला वाटतो. मग सावकाश सांगावं, की २००८ च्या एप्रिलमध्ये जीटीएचा चौथा भाग आला तेव्हा तो तपकिरी, उदास आणि नोकरी-नात्यांच्या ओझ्यानं वाकलेला होता. त्यातला चुलतभाऊ सारखा फोन करून बोलिंग खेळायला बोलवायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'सेंट्स रो'चा दुसरा भाग आला आणि त्यानं मैल्याचा टँकर पुढे केला. मोठा भाऊ जबाबदार झाला की धाकट्याला मोकळं रान मिळतं, हा कौटुंबिक नियम इथेही लागू पडला.

इथे थांबावं. पुढे बोललात तर जीटीएवाले ग्राफिक्स काढतात.

धडा पाचवा : सरकारी कागदपत्रं

मताला वजन यावं म्हणून दोन दाखले जवळ ठेवावेत.

पहिला : ऑस्ट्रेलियात २०१३ च्या जानेवारीत प्रौढांसाठीच्या गेमना वेगळा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये तो दर्जा असूनही सर्वांत आधी नाकारला गेलेला गेम म्हणजे 'सेंट्स रो'चा चौथा भाग. प्रौढांसाठी दार उघडलं आणि पहिल्याच पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवलं. पुढे काटछाट करून तो आत शिरला.

दुसरा : प्रकाशक 'टीएचक्यू' दिवाळखोरीत गेला आणि २०१३ च्या जानेवारीत त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला. त्यात व्हॉलिशन स्टुडिओ आणि 'सेंट्स रो' हे नाव जर्मनीच्या 'कोख मीडिया'नं २२.३ दशलक्ष डॉलरना घेतलं. विम्यात घोटाळे करून गेममध्ये कोट्यवधी कमावणाऱ्या टोळीची प्रत्यक्षातली ही किंमत.

धडा सहावा : नव्या भागाचा निषेध

२०२२ चा भाग सॅन्टो इलेसो या वाळवंटी शहरात घडतो. नवा बॉस, त्याचे तीन मित्र, एकत्र भाड्यानं घेतलेली जागा, थकलेलं भाडं आणि ते भरण्यासाठी दरोडे. पहिली झलक २०२१ च्या ऑगस्टमध्ये आली आणि गेम यायला वर्ष असतानाच निषेध सुरू झाला. प्रवेशिकेच्या दृष्टीनं ही सर्वांत मोलाची घटना, कारण न खेळता मत बाळगण्याची कला इथे पूर्णत्वाला गेली.

निषेधाची पद्धत : 'हे गुंड वाटतच नाहीत, हॉस्टेलवरची पोरं वाटतात,' असं म्हणावं. हे अगदीच खोटं नाही. कोणी म्हणालं, की बॉस घडवायची सोय यात सगळ्यांत बारकाईची आहे, तर 'ते आहे म्हणा' एवढंच म्हणून पाणी प्यावं. पुठ्ठ्याची शस्त्रं घेऊन खोटी लढाई खेळण्याच्या मोहिमा मजेदार आहेत, हे मान्य करायचं असेल तर एकांतात करावं.

गंमत अशी, की स्टुडिओनं सगळ्यांचं ऐकलं होतं. परग्रह नको म्हणणाऱ्यांसाठी जमिनीवर आले, टवाळी हवी म्हणणाऱ्यांसाठी थट्टा ठेवली, टोळी हवी म्हणणाऱ्यांसाठी टोळी उभी करायला दिली. चारही घराण्यांना एका पंगतीला बसवलं आणि प्रत्येकाच्या पानात दुसऱ्याच्या आवडीची भाजी पडली.

गेम २३ ऑगस्ट २०२२ ला आला. ३१ ऑगस्ट २०२३ ला स्टुडिओ बंद झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या भागाची ती अधिकृत दुरुस्ती तोवर आलेलीच नव्हती. त्या दिवसापासून सगळी घराणी शोकसभेला एकत्र आली आणि वर्षभर नावं ठेवणारे 'असा स्टुडिओ पुन्हा होणे नाही' असं म्हणू लागले. विद्यार्थ्यानं शोकसभेत मागच्या रांगेत बसावं.

स्वाध्याय

१. गाळलेली जागा भरा : 'तेव्हा गेममध्ये ______ होती, सर्कस नव्हती.'

२. योग्य की अयोग्य : पांडावर गोळी झाडणे.

३. थोडक्यात उत्तर द्या : मोजे.

४. कारणे द्या : माणूस पळू लागला की गाडीचं महत्त्व कमी होतं.

५. निबंध : सर्वांत चांगला भाग कोणता, आणि का?

उत्तरसूची

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं धड्यांत आहेत. पाचव्याचं उत्तर आम्ही लिहून देतो, कारण त्यावर विद्यार्थी हमखास भांडतात.

विनोद सांगणाऱ्यानं स्वतः हसायचं नसतं, हे आपल्याकडे बैठकीत बसणाऱ्या कोणालाही माहीत असतं. दुसरा भाग मैल्याचा टँकर चालवतानाही चेहरा सरळ ठेवतो आणि पुढच्याच वळणावर मित्राला मारतो. म्हणून टँकरचं हसू येतं आणि मित्राचं दुःख लागतं. तिसरा भाग वाघाला शेजारी बसवतो तेव्हा चेहरा सरळ असतो, पण मधूनमधून त्याला स्वतःलाच हसू फुटतं. तरी तो गोड आहे. चौथा पहिल्यापासून खदखदतो. शेवटचा तर विनोद सांगायच्या आधीच आपल्याकडे पाहून 'कळलं का?' विचारतो.

तेव्हा उत्तर : दुसरा. संगणकावर खेळणार असाल, तर आधी 'जेंटलमेन ऑफ द रो' ही चाहत्यांनी केलेली दुरुस्ती बसवून घ्या.