आधी शोधा, मग फॉरमॅटचं बोला

“फॉरमॅट मार, सगळं नीट होईल.” गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेलं वाद्याचं किंवा इफेक्टचं प्लगइन अडलं, की चितेगावपासून वाळूजपर्यंत पहिला सल्ला हाच मिळतो. सल्ला देणाऱ्याचं त्यात काही जात नाही. ज्याचं गाणं त्या लॅपटॉपवर आहे, त्याचं सगळं जातं.

नाथषष्ठी, भीमजयंती, गणपती. पैठण रोडवर गाण्यांचे हंगाम ठरलेले आहेत आणि घाईही ठरलेली. एप्रिलचा पहिला आठवडा असतो, गेल्या वर्षीच्या गाण्यात फक्त मंडळाचं नाव बदलायचं असतं. प्रोजेक्ट उघडावा तर समोर यादी येते: हे प्लगइन सापडत नाही, तेही सापडत नाही. ढोलकीचा ट्रॅक मुका, गायकाचा आवाज कोरडा ठणठणीत, कोरस गायब. मंडळाचा माणूस दारात उभा. अशा वेळी कुणीतरी फॉरमॅटचं नाव काढतं आणि घाबरलेला पोरगा ऐकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. बिघाड शोधण्याला शिस्त लागते आणि ती चितेगावला नवी नाही. चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही बनत. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची रीत कुठं गेली नाही. सेट बंद पडला म्हणून कुणी सेट फेकत नव्हतं. आधी सप्लाय, मग फ्यूज, मग पुढचा भाग. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. प्लगइनलाही हेच लागू आहे.

पहिला प्रश्न विचारा: नेमकं होतंय काय? प्लगइन यादीत दिसत नाही, दिसतं पण चालत नाही, उघडताच सॉफ्टवेअर बंद पडतं, की आवाज कडकडतो? हे चार वेगळे आजार आहेत. चौघांना एकच गोळी चालत नाही.

दिसत नसेल तर प्लगइनची जात, म्हणजे प्रकार, बघा. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं १९९६ मध्ये क्यूबेस या आपल्या सॉफ्टवेअरसोबत व्हीएसटी ही प्लगइनची जात आणली. २००८ मध्ये व्हीएसटी ३ आलं. २०१८ मध्ये जुन्या व्हीएसटी २ साठीचा विकास संच देणं कंपनीनं थांबवलं. म्हणून काही नव्या सॉफ्टवेअरला जुनं प्लगइन ओळखू येत नाही, यात तुमच्या लॅपटॉपचा गुन्हा काही नसतो. ३२ बिटचं प्लगइनही ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चालत नाही, मध्ये दोघांना जोडणारा ब्रिज लागतो. मग फोल्डर बघा. विंडोजवर व्हीएसटी ३ ची जागा ठरलेली आहे: प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समध्ये. व्हीएसटी २ ला अशी एक जागा नव्हती, ज्यानं त्यानं वाटेल तिथं टाकलं. सॉफ्टवेअरला नेमकं ते फोल्डर दाखवून पुन्हा स्कॅन करा. पुष्कळदा काम इथंच भागतं.

उघडताच सगळं बंद पडत असेल तर शेवटी टाकलेल्या प्लगइनवर आधी संशय घ्या. तरी कळलं नाही तर फोल्डरमधले निम्मे प्लगइन बाजूला काढून सॉफ्टवेअर चालवा. चाललं, तर दोषी बाजूला काढलेल्या निम्म्यात आहे. त्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करा. ६४ प्लगइन असले आणि दोषी एकच असला, तरी सहा फेऱ्यांत तो हाती लागतो. फॉरमॅट मारून सगळं परत भरायला अख्खी रात्र जाते, आणि तोच दोषी पुन्हा भरला तर रात्रही वाया.

आवाज कडकडतोय? प्लगइनला शिव्या देण्याआधी बफर, म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा, बघा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे जवळपास १२. गायक माइकसमोर असताना बफर कमी ठेवा, नाहीतर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येऊन तो लयीला चुकतो. मिक्सिंगला बसलात की बफर वाढवा, प्रोसेसरला दम घेता येतो.

पट्टीच चढली असेल तर सॅम्पल रेट तपासा. प्रोजेक्ट ४४,१०० वर आणि इंटरफेस ४८,००० वर अशी गफलत झाली, तर काळी चारमधलं गाणं पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये कुठंतरी लटकतं. लयही पळते. दोष एका आकड्याचा असतो, बोलणी मात्र गायक खातो.

आता क्रॅकबद्दल. पेनड्राइव्हवरून फिरणारं चोरीचं प्लगइन अँटीव्हायरस कधी उडवेल सांगता येत नाही, अपडेट मिळत नाही, आणि अडलं तर बनवणाऱ्याला विचारायची सोय नाही. ज्याची दुरुस्तीच करता येत नाही, त्यावर हंगामाची कमाई लावू नका. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सिंथ फुकट मिळतात. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा छोट्या व्यावसायिकासाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. पैसे नाहीत ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उतारेही खरे आहेत.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगतो. प्लगइन आज ना उद्या मरणारच. कंपनी बंद होईल, जात बदलेल, लायसन्स संपेल. म्हणून गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये काढा: एकदा इफेक्टसकट, एकदा इफेक्टशिवाय, म्हणजे कोरा. सगळे ट्रॅक एकाच ठिकाणाहून सुरू होऊ द्या, फाइलच्या नावात पट्टी आणि लय लिहा, एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. ती फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते, तिला कुणाचं लायसन्स लागत नाही. गावातल्या भारुडकाराचा, भीमगीत गाणाऱ्या म्हाताऱ्या शाहिराचा आवाज एकदाच मिळतो. रिव्हर्बसारखा इफेक्ट उद्याही मिळेल.

गायकांनो, तुम्हीही मागायला शिका. रेकॉर्डिंगचे पैसे देताना तयार गाण्यासोबत आपल्या आवाजाची कोरी फाइल मागून घ्या. आवाज तुमचा आहे. जो स्टुडिओवाला ती विनातक्रार देतो, पुढचं गाणं त्याच्याकडेच करा.