सत्तर टक्के समता

जर्मन पोपने पद सोडलं, अंगेला मर्केल यांची 16 वर्षांची राजवट आटोपली, शोल्झ आले. पण 2013 ते 2023 या काळात बुंडेसलीगा या जर्मन फुटबॉल लीगची चांदीची थाळी काही म्यूनिकच्या कपाटातून हलली नाही. बायर्न म्यूनिक, सलग 11 वेळा. जर्मनीत सरकार बदलणं सोपं, चॅम्पियन बदलणं अवघड.

त्यात बायर्न खलनायकही नाही, हीच खरी पंचाईत. तो अडीनडीला धावून येणारा गावचा सावकार आहे. 2003 मध्ये सेंट पॉली क्लब बुडायला आला, तेव्हा बायर्न त्यांच्यासाठी मदतीचा सामना खेळून आला. डॉर्टमुंड क्लबकडे पगाराला पैसे नव्हते, तर बायर्नने 20 लाख युरो उसने दिले, तेही तारण न घेता. डॉर्टमुंड सावरला, 2011 आणि 2012 ला लागोपाठ लीग जिंकला. मग सावकाराने घरातली कर्ती मुलं न्यायला सुरुवात केली. 2013 मध्ये गोट्झे. आणि ही बातमी फुटली कधी, तर डॉर्टमुंडच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी. 2014 मध्ये लेवांडोव्स्की, एक छदामही न मोजता. 2016 मध्ये चक्क कर्णधार हुमेल्स. सगळं कायदेशीर. गोट्झेच्या करारात सुटकेची रक्कम लिहिलेली होती, ती मोजली. लेवांडोव्स्कीचा करार संपला, तो चालत आला. बोट ठेवायला जागा नाही.

27 मे 2023 चा शेवटचा दिवस आठवा. डॉर्टमुंडला घरच्या मैदानावर माइन्त्सला हरवलं की झालं. 81 हजार लोक उत्सवाला जमलेले. आधी दोन गोल खाल्ले, पेनल्टी घालवली, कसाबसा 2-2 केला. तिकडे कोलोनमध्ये 89व्या मिनिटाला बायर्नच्या मुसियालाने गोल मारला आणि समान गुण असूनही गोलफरकावर थाळी पुन्हा म्यूनिकला. गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी बायर्नने आपले मुख्याधिकारी ऑलिव्हर कान आणि क्रीडा संचालक सालिहामिजिच या दोघांनाही नारळ दिला. चॅम्पियन झाल्याच्या दिवशी! तिथे विजेतेपद म्हणजे पराक्रम नव्हे, हजेरी.

जर्मनांना आपल्या ‘50+1’ नियमाचा मोठा अभिमान. क्लबमध्ये बहुमत सभासदांचं. कुणी शेख आला आणि क्लब खिशात घालून गेला, असं चालत नाही. नियम चांगलाच आहे. पण तो मालकांपासून वाचवतो, बायर्नपासून नाही. अखेर 2024 मध्ये साखळी तोडली ती लेव्हरकुझेनने. 34 सामने, 28 विजय, 6 बरोबरी, पराभव शून्य. आणि हा क्लब कुणाचा? ॲस्पिरिनवाल्या बायर कंपनीचा, म्हणजे याच नियमातून खास सूट मिळालेला! वर्षभरात थाळी म्यूनिकला परतली. प्रशिक्षक अलोन्सो रेआल माद्रिदला, विर्ट्झ लिव्हरपूलला गेला आणि बचावफळीतला टा? ओळखलंत, बायर्नला.

‘मैदानं तर भरलेलीच असतात, मग दुखतंय कुठे?’ असं विचारणारे भेटतात. भरतात, कारण लोक आपल्या क्लबवर जीव टाकतात, कुणाला खालच्या श्रेणीत ढकललं जाणार याची धाकधूक असते. प्रेक्षकांच्या निष्ठेला स्पर्धा म्हणायचं, तर रांगेला रेशन म्हणावं लागेल.

खरी स्पर्धा पाहायची तर अमेरिकेत पाहा. तिथल्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने, भांडवलशाहीच्या माहेरघरात, साम्यवाद राबवून दाखवला आहे. सर्वांत वाईट संघाला नव्या खेळाडूंची पहिली निवड, देशभरच्या टीव्हीच्या पैशाची समान वाटणी, 1994 पासून खेळाडूंच्या पगारांवर सगळ्या संघांना एकच कमाल मर्यादा. सलग तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, आजवर कुणालाच जिंकता आलेले नाहीत. कॅन्सस सिटी 2025 मध्ये तिसऱ्याच्या दारातून 40-22 असा मार खाऊन परतली. अर्थात तिथे खालच्या श्रेणीत घसरण नाही. 32 संघांचा बंदिस्त क्लब आहे तो. तेवढं उचलू नका. पण पगाराची मर्यादा घ्यायला काय हरकत आहे?

हरकत ठरलेली: ‘आम्हाला एकट्याला बांधलंत, तर माद्रिद आणि मँचेस्टर आमची चटणी करतील.’ मुद्दा रास्त आहे. म्हणजे मर्यादा साऱ्या युरोपला हवी. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने ती आणलीही. कशी, तर क्लबने खेळाडूंवर उत्पन्नाच्या 70 टक्क्यांपर्यंतच खर्च करावा. शंभर कमावणाऱ्याने सत्तर उडवावेत, दहा कमावणाऱ्याने सात. दिवाळखोरी टाळायला हे ठीक आहे, पण याला बरोबरी म्हणू नका. मर्यादा घालायचीच असेल तर ती युरोत घाला, टक्क्यांत नको. टक्क्यांची समता श्रीमंतांनाच परवडते.